मागच्या बाळाला झालेली इजा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा : प्रसूतितज्ज्ञांना खुलं पत्र

प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना, आणि प्रसूतिगृहांचा कारभार पाहणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

जिच्या पहिल्या बाळाला जन्माच्या वेळी इजा झाली, ती बाई दुसऱ्यांदा गरोदर राहून तुमच्यासमोर येते, तेव्हा प्रसूती कशी करायची हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर, एवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. मी अशाच बायकांपैकी एक. माझ्या लेकीचा उजवा हात जन्मापासून पूर्ण वर जात नाही. आता मी पुन्हा गरोदर आहे. या वेळच्या पहिल्याच तपासणीत माझ्या फाइलवर लिहिलं गेलं, 'मागील प्रसूती नॉर्मल, अडचण नाही.' मी लेकीच्या हाताबद्दल सांगितलं, तेव्हा उत्तर मिळालं, "एकदा नॉर्मल झाली की दुसरी सोपीच जाते. तुम्ही काळजी करू नका." माझी प्रसूती कशी होणार हे तिथे ठरून गेलं. मला कोणी काही विचारलंच नाही. ते मला गप्प राहून मान्य करता येत नाही.

काय झालं होतं ते आधी सांगते. लेकीचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. तुमच्या भाषेत शोल्डर डिस्टोशिया. डोकं बाहेर, पण पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे अडकलेला, छाती आत आवळलेली, नाळेवर दाब. अशा वेळी हाताशी मोजकी मिनिटं असतात. डोकं खाली किंवा एका बाजूला ओढलं गेलं, तर मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा, ब्रॅकियल प्लेक्सस, ताणला जातो. कधी नस नुसती ताणली जाते आणि काही आठवड्यांत सावरते. कधी ती तुटते. कधी मज्जारज्जूतून मुळासकट उपटली जाते, आणि मग ती पुन्हा तिथे जोडता येत नाही. माझ्या लेकीच्या वरच्या मुळांना इजा झाली होती. खांदा उचलेना, कोपर वाकेना, हात अंगालगत सरळ लोंबायचा आणि मनगट आत वळलेलं. मूठ मात्र घट्ट आवळायची. याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. विल्हेल्म अर्ब या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये याचं वर्णन करून ठेवलं आहे, म्हणजे वैद्यकशास्त्राला हा प्रकार दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

ज्यांनी माझी प्रसूती केली त्यांच्यावर आरोप करायला मी बसलेली नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी जोरात ओढलं म्हणूनच नसा दुखावतात असं नाही. कळांच्या जोरानेही हे होऊ शकतं, हे मला समजलं आहे आणि मान्य आहे. त्या खोलीतल्या माणसांनी माझं बाळ जिवंत बाहेर काढलं. माझं म्हणणं आहे ते त्यानंतर काय झालं आणि काय झालं नाही याबद्दल.

पहिली तक्रार नोंदीची, आणि माझ्या मते सगळं इथूनच बिघडतं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन आहे, जन्माची वेळ आहे, टाके घातल्याचा उल्लेख आहे. खांदा अडकल्याचा नाही. डोकं आल्यावर धड यायला किती वेळ गेला, कोणता खांदा पुढे होता, सोडवायला काय काय केलं आणि कोणत्या क्रमाने, खोलीत कोण होतं, बाळाचा अ‍ॅपगार, म्हणजे जन्मताच बाळाची तब्येत मोजणारे गुण, किती होता, नाळेतलं रक्त तपासलं का, यातलं एक अक्षर नाही. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शिका नेमक्या याच नोंदी ठेवायला सांगते. त्या ठेवायच्या त्या केवळ कोर्टकचेरीच्या भीतीने नव्हे. आईचे पाय पोटाकडे दुमडताच सुटलेला खांदा आणि मागचा हात आधी बाहेर काढून मग सोडवावा लागलेला खांदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढच्या गरोदरपणात सल्ला देताना हा फरक माहीत असावा लागतो. मला स्वतःला आठवतं ते इतकंच, की माझे गुडघे पोटाशी दाबले गेले आणि कोणीतरी पोटावर जोर दिला. ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर दिलेला दाब खांदा सोडवायला मदत करतो. गर्भाशयाच्या माथ्यावर, वरून खाली दिलेला दाब मात्र खांदा आणखी घट्ट बसवू शकतो, गर्भाशयालाही इजा करू शकतो, म्हणून तो देऊच नये असं तीच मार्गदर्शिका सांगते. माझ्या बाबतीत यातलं कोणतं झालं? आज हे सांगू शकेल असा कागद जगात कुठेही नाही.

दुसरी तक्रार घरी जातानाची. "बाळ दमलंय, हलवेल हात थोड्या दिवसांनी," एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. पुष्कळ बाळांचा हात खरोखरच सुधारतो, त्यामुळे हे वाक्य खोटं नव्हतं, अपुरं होतं. सांधे आखडू नयेत म्हणून हात कसा हलवत राहायचा, फिजिओथेरपिस्टकडे कधी जायचं, तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकवायची ताकद आली नाही तर नसांच्या शस्त्रक्रियेतल्या तज्ज्ञाला दाखवायचं, कारण त्या शस्त्रक्रियेची वेळ पहिल्या वर्षातच असते, हे आम्हाला सांगणारं तिथे कोणी नव्हतं. हे मला कळलं ते फिजिओथेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका आईकडून. तुमच्या खात्यातलं ज्ञान एका थकलेल्या आईकडून दुसरीला मिळावं, ही काही तिच्या कौतुकाची गोष्ट नाही. तुमच्या व्यवस्थेत तेवढी जागा रिकामी आहे, म्हणून ती भरत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते, या वेळच्या निर्णयाकडे.

"मागे झालं म्हणजे पुन्हा होईलच असं नाही." हे मला एकाहून जास्त डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरं आहे. बहुतेक वेळा पुन्हा होत नाही. पण तेवढंच सांगून थांबणं योग्य नाही. एरवी खांदा अडकण्याचं प्रमाण हजारात सहासात प्रसूतींचं. मागच्या वेळी अडकला असेल तर ते सुमारे दहापट होतं. वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा अडकण्याचं प्रमाण १ टक्क्यापासून २५ टक्क्यांपर्यंत सापडलं आहे. आणि हे आकडेही कमीच असण्याची शक्यता आहे, कारण ज्यांचं पहिलं बाळंतपण सर्वांत वाईट गेलं त्यांच्यापैकी अनेकींचं पुढचं सिझेरियन होतं, त्यामुळे त्या या मोजणीत येतच नाहीत. अडकलेल्या प्रत्येक खांद्याने नसा दुखावतात असंही नाही. ते प्रमाण २.३ ते १६ टक्के सांगितलं जातं, आणि त्यातल्याही दहातल्या एकीपेक्षा कमी बाळांना कायमचं अपंगत्व येतं. हे सगळं शांतपणे समोर ठेवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. कायमच्या इजेची शक्यता थोडी आहे हे ऐकून मला धीरही आला असता. पण आकडे दिलेच गेले नाहीत. "काळजी करू नका" मिळालं.

दुसरं उत्तर वजनाचं. "या बाळाचं वजन जास्त वाटत नाही, मग भीती कसली?" पण ज्यांचे खांदे अडकतात त्यातली जवळजवळ निम्मी बाळं ४ किलोपेक्षा कमी वजनाची असतात. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा वजनाचा अंदाज किमान १० टक्के मागेपुढे होऊ शकतो. वजन पाहू नका असं मी म्हणत नाही. मधुमेह असलेल्या आईच्या बाबतीत तर ते फार महत्त्वाचं. फक्त वजनाच्या एका आकड्यावर मागचा सगळा इतिहास पुसू नका.

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त लागलं. एक कायमची इजा टाळायला हजारो सिझेरियन करावी लागतात, असं मला सांगण्यात आलं. तो हिशेब मी शोधून वाचला. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार मधुमेह नसलेल्या आणि साडेचार किलोहून जड बाळ अपेक्षित असलेल्या स्त्रियांमध्ये एक कायमची इजा टाळायला ३,६९५ सिझेरियन लागतील. मधुमेह असलेल्यांमध्ये तोच आकडा ४४३. हा हिशेब अंदाजे वजनावर आणि मधुमेहावर केलेला आहे. आधीच्या बाळाचा हात कायमचा दुखावलेला आहे अशा आईसाठी तो केलेलाच नाही. तो मला लावून दाखवणं चुकीचं होतं, आणि तो लावणाऱ्यांना हे माहीत असायला हवं होतं. उलट वर सांगितलेली ब्रिटिश मार्गदर्शिका अशा आईबद्दल स्पष्ट लिहिते, की सिझेरियन किंवा योनीमार्गे प्रसूती, दोन्ही योग्य ठरू शकतात. मागची इजा किती गंभीर होती, या बाळाचा अंदाजे आकार काय आणि आईची इच्छा काय, यावर बोलून दोघांनी मिळून ठरवावं. आईची इच्छा तिथे कारणांच्या यादीत लिहिलेली आहे. माझ्या तपासणीत तिला "भीतीपोटी सिझर करायचं नसतं" असं उत्तर मिळालं.

हो, भीती आहे. मध्यरात्री जाग येते ती त्या खोलीतल्या अचानक झालेल्या धावपळीने. पण भीती वाटते म्हणून माणसाला विचार करता येत नाही असं कुठे आहे? माझ्या भीतीला एक घडून गेलेली गोष्ट आहे आणि ती रोज माझ्यासमोर एका हाताने वेणी घालायचा प्रयत्न करते.

सिझेरियनचं प्रमाण वाढलं आहे आणि ते कमी करायचा तुमच्यावर दबाव आहे, याची मला जाणीव आहे. गरज नसताना पोट फाडलं जाऊ नये हे मलाही पटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, १० टक्क्यांच्या वर सिझेरियन गेल्याने माता आणि नवजात बाळांचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत असं सांगितलं, तेव्हा त्याच निवेदनात हेही म्हटलं होतं, की ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सिझेरियन मिळेल यासाठी प्रयत्न करा. टक्केवारी रुग्णालयाची असते. तुमच्या टेबलासमोरच्या खुर्चीत मी एकटी बसलेली असते.

याच्या उलट वागणूकही मी जवळून ऐकली आहे, आणि तिच्याबद्दलही माझी तेवढीच तक्रार आहे. फिजिओथेरपीत भेटलेल्या एका आईच्या बाळाचा हात दोन-तीन महिन्यांत पूर्ण सावरला. दुसऱ्या खेपेला तिला योनीमार्गे प्रसूती हवी होती, कारण तिला आणखी मुलं हवी होती. तिला पहिल्याच भेटीत सांगण्यात आलं, "तुमचं सिझरच होणार." का, ते सांगितलं नाही. पुढच्या गरोदरपणांवर काय परिणाम होतील, तेही नाही. अमेरिकेतल्या २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल तर ती गर्भाशयात रुतून बसण्याचं प्रमाण पहिल्या सिझेरियनला ३ टक्के, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४० टक्के होतं. वार अशी रुतली तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो, गर्भाशय काढावं लागू शकतं. एका सिझेरियननंतर पुढे कळा देऊन प्रसूती करायची म्हटलं तर जुना व्रण उघडण्याचा धोका साधारण २०० त एक. तीन मुलं हवी असलेल्या बाईला हे आधी कळायला नको का? तिच्यावर सिझेरियन लादलं गेलं, मला नाकारलं गेलं. दोघींचंही म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही.

कायदा याबद्दल काय म्हणतो याचं एक उदाहरण तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. स्कॉटलंडच्या नादिन मॉन्टगोमेरी यांना मधुमेह होता आणि अंगकाठी लहान होती. बाळ मोठं आहे म्हणून योनीमार्गे प्रसूतीत अडचण येईल का, ही काळजी त्यांनी बोलून दाखवली होती. मधुमेही आईच्या बाबतीत खांदा अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के असतो, हे त्यांना सांगितलं गेलं नाही. सांगितलं तर बहुतेक बायका सिझेरियनच मागतील, असं डॉक्टरांचं मत होतं. १९९९ मध्ये बाळ जन्मलं तेव्हा खांदा अडकला, डोकं आल्यावर धड यायला १२ मिनिटं गेली. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारं अपंगत्व, आलं आणि हाताच्या नसांनाही इजा झाली. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या जागी असलेल्या व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो तिला सांगणं, आणि दुसरे कोणते मार्ग आहेत तेही सांगणं, हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तिला कळणार नाही अशा तांत्रिक माहितीचा भडिमार करून किंवा फॉर्मवर नुसती सही घेऊन हे कर्तव्य पार पडत नाही, हेही तिथेच सांगितलं आहे. तो निकाल पहिल्यापासून इजेचा इतिहास नसलेल्या आईचा होता. मग ज्यांच्या घरात ती इजा रोज डोळ्यांसमोर आहे, त्यांना किती सांगायला हवं?

माझं म्हणाल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नोंद नाही हे मान्य केलं, लेकीचा हात स्वतः पाहिला, फिजिओथेरपीचे कागद वाचले, दोन्ही बाजूंचे धोके आकड्यांसकट लिहून दिले आणि घरी जाऊन विचार करा म्हणाल्या. आम्ही ३९ व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन करायचं ठरवलं. आम्हाला यापुढे मूल नको आहे. लेकीची इजा कायमची आहे आणि मागच्या प्रसूतीचा तपशील हाती नाही. या तीन गोष्टी मिळून पारडं तिकडे झुकलं. सिझेरियननेही नसांना इजा होण्याचा धोका अगदी शून्य होत नाही, फार कमी होतो, हेही आम्हाला सांगितलं गेलं. मला हायसं वाटलं ते सिझेरियन मिळालं म्हणून जितकं, तितकंच पहिल्यांदा कोणी पूर्ण वाक्यात माझ्याशी बोललं म्हणून. पण दुसरीकडे जाणं प्रत्येकीला जमत नाही. म्हणून काही मागण्या करते.

खांदा अडकला किंवा बाळाला कोणतीही इजा झाली, तर त्याची संपूर्ण नोंद ठेवा आणि तिची प्रत आईला घरी जाण्याआधी द्या. तिने मागायची वाट पाहू नका, त्या अवस्थेत कोणालाही मागायचं सुचत नाही. काय झालं ते त्या वेळी हजर असलेल्या वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः सांगावं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा बोलवावं, कारण पहिल्या वेळी ऐकलेलं डोक्यात राहत नाही. बाळाच्या हाताचं पुढे काय करायचं, कधी आणि कोणाकडे, हे लिहून द्या.

पुढच्या गरोदरपणात 'मागील प्रसूती कशी' या रकान्याच्या शेजारी 'मागच्या बाळाला इजा झाली का' असा स्वतंत्र रकाना असू द्या, फाइलच्या पहिल्या पानावर. उत्तर 'हो' असेल तर निर्णयासाठी वेगळी, सवडीची भेट ठरवा, गरोदरपणाच्या पूर्वार्धातच. कळा सुरू झाल्यावर लेबर रूममध्ये हा विषय निघता कामा नये. त्या भेटीत दोन्ही मार्गांचे धोके लिहून द्या, आईला आणखी किती मुलं हवी आहेत ते विचारा, साखरेची तपासणी वेळेवर करा, आणि ३६ व्या आठवड्याच्या सुमारास वजनाचा नवा अंदाज घेऊन पुन्हा बोला. तिची भीती विचारा. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत मिळवून द्या, पण ती भीती सिझेरियन नाकारायचं कारण म्हणून वापरू नका.

तिने योनीमार्गे प्रसूती निवडली तर योजना लिखित हवी. खांदा सोडवण्याचा अनुभव असलेली वरिष्ठ व्यक्ती आणि बाळाचे डॉक्टर हजर असतील, कळा पुढे सरकल्या नाहीत तर किती थांबायचं आणि केव्हा सिझेरियनकडे वळायचं, बाळाला ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरण्याबद्दल आधीच काय ठरलं आहे, हे सगळं त्यात असावं. सिझेरियन निवडलं तर तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर काय, याची नोंद फाइलवर असावी, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पहिल्यापासून वाद घालायला लावू नये.

आणि प्रत्येक प्रसूतिगृहात खांदा सोडवण्याचा सराव नियमित व्हावा, सिस्टर, डॉक्टर सगळ्यांनी एकत्र. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात असं प्रशिक्षण सुरू केल्यावर खांदा अडकलेल्या प्रसूतींमध्ये बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रशिक्षणाला १२ वर्षं झाल्यावर पुन्हा पाहणी केली तेव्हा कायमची इजा झालेलं एकही बाळ सापडलं नाही. त्यासाठी लागला सरावाचा एक पुतळा, काही तास आणि दरवर्षी ते पुन्हा करायची शिस्त. ज्या आईने सगळं ऐकून योनीमार्गे प्रसूतीच निवडली, तिला मी मनापासून शुभेच्छा देते, आणि तिच्या खोलीत हा सराव केलेली माणसं असावीत असा आग्रह धरते.

यातलं तुमच्याकडे काय आधीपासून होतं, काय सुरू करणार आणि कधीपासून, आणि काय करता येणार नाही व का, याचं उत्तर द्या. ते जाहीर द्या, कारण ते माझ्याआधी त्या आयांना हवं आहे ज्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

आपली,
दुसऱ्यांदा आई होणारी एक स्त्री